हेलियमचा शेवटचा दिवस

"काय बघणार आहेत मॅडम?" तिनं परत विचारलं. ऐकण्यात आपलीच चूक झाली असेल, अशी तिला अजून आशा होती.

"काहीच नाही," ऑपरेटर म्हणाला. त्याच्यासमोर अंतराळातल्या दुर्बिणीचं उद्याचं वेळापत्रक उघडं होतं. "म्हणजे तिथं काही नाहीच. ना तारा, ना ढग. दिवसभर दुर्बीण तिकडेच रोखून ठेवायची आहे. कुठे ते तरी ऐकून घ्या..."

ती ऐकायला थांबली नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

का जाऊ नये? दुर्बिणीला गार ठेवणारं हेलियम उद्या संपणार होतं. ते संपलं की दुर्बीण तापणार, आणि लांबच्या ताऱ्यांची जी मंद ऊब ती टिपायची, ती तिच्याच उबेत बुडून जाणार. दोन आरसे एकमेकांपासून दूर उडवून त्यांचा प्रकाश जुळवणारी पुढची दुर्बीण अजून कागदावरच होती. ती वर जाईपर्यंत हिचे स्वतःचे केस पिकले असते. सात वर्षं ती एका कोवळ्या ताऱ्याच्या मागे लागली होती. त्याच्याभोवतीच्या धुळीत पाण्याची वाफ आहे, असं तिचं म्हणणं होतं. त्याच धुळीतून पुढे ग्रह होणार. शेवटचा दिवस मिळाला असता, तर कुणाची शंका काढायची हिंमत झाली नसती. समितीनं तिचा अर्ज फेटाळला आणि दिवस दिला कुणाला? महिनाअखेरीला निवृत्त होणाऱ्या मॅडमना. लोक निरोपाला फुलं देतात, यांनी दुर्बीण दिली.

आणि मॅडम त्याच समितीत होत्या, हे जास्त झोंबत होतं. तिला हे काम त्यांनीच बोट धरून शिकवलं होतं. तरी भरल्या बैठकीत त्यांनी सगळं सोडून विचारलं, "शेजार कधी मोजणार आहेस?"

पहिल्या वर्षाच्या पोरांना विचारतात तसं. दूध तोलायचं तर आधी रिकामं भांडं तोला, हा मॅडमचा पहिला धडा तिला पाठ होता. दुर्बिणीची स्वतःची ऊब किती, ते ताऱ्याशेजारच्या मोकळ्या आकाशावर मोजायचं आणि वजा करायचं. पण मिळालेला तास न् तास तिनं ताऱ्यावर घातला होता. शेजाराचं जुनं मोजमाप आहे की, ती म्हणाली. "हेलियम संपत आलं की ऊब रोज बदलते गं," मॅडम म्हणाल्या, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. चारचौघांत अब्रू काढली. त्या दिवसापासून तिनं मॅडमचा फोन उचलला नव्हता.

दार उघडंच होतं. मॅडम टेबलावर वर्तमानपत्र पसरून संत्रं सोलत बसल्या होत्या. तिला बघून त्यांनी समोरच्या खुर्चीवरची पुस्तकं उचलून खाली ठेवली.

ती बसली नाही. "निवृत्त झाल्यावर नुसता अंधार बघत बसेन, असं तुम्ही म्हणायचात. मला ती थट्टा वाटायची."

"थट्टाच होती."

"मग उद्या काय करताय? इथं माणसं तासातासासाठी भांडतात. माझी सात वर्षं पाण्यात गेली, आणि तुम्ही शेवटचा दिवस कशाला तरी उधळताय. लाज वाटायला हवी तुम्हाला. दिला कसा त्यांनी तुम्हाला तो?"

"मी मागितला," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "घरी चाललेल्या म्हातारीला नाही कोण म्हणणार?"

हा तर कळसच झाला. तिचा आवाज चढला. बाहेरून जाणारा कुणीतरी थबकला आणि निमूटपणे पुढे गेला. "म्हणजे वशिला. मला नियम शिकवायचे आणि स्वतः वशिला लावायचा. आणि तोही जिथं काहीच नाही, ते बघायला!"

मॅडमनी बिया वर्तमानपत्रावर काढून ठेवल्या. अर्धं संत्रं तिच्यापुढे सरकवलं.

"कुठे काही नाही, ते विचारलंस का ऑपरेटरला?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"तू फोन उचलला असतास तर तेव्हाच सांगितलं असतं. तुझ्या ताऱ्याच्या शेजारी, अगं. दूध तू मोजलंस, तुझं भांडं तेवढं तोलायचं राहिलं होतं."