ताशी दोनशे दहा

"‘एच’च टाका," नवरा म्हणाला. "‘टी’ नको."

तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं. मागच्या खेपेला याच दुकानात याच माणसाने ‘टी’ अक्षराचे, हलक्यातले टायर बसवून घेतले होते. "मंडईत जाऊन यायला काय विमानाचे टायर लागतात?" असं म्हणाला होता, आणि दुकानदार खो खो हसला होता.

ती हसली नव्हती. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. टायरच्या कडेवरचं ते शेवटचं अक्षर शोभेचं नसतं, हे तिला माहीत होतं. ‘टी’ म्हणजे ताशी एकशे नव्वद, ‘एच’ म्हणजे दोनशे दहा. एवढ्या वेगाने कोणी जात नाही, पण चाक फिरताना रबर सतत दबतं, सुटतं, तापतं. ती उष्णता ते कुठवर सोसेल, त्याचं ते माप. कंपनीने दिलेल्या अक्षराच्या खाली उतरू नये, एवढंच. तिने तेव्हा सांगूनही पाहिलं होतं.

"झालं तुझं सायन्स?" असं उत्तर मिळालं होतं.

आज तोच माणूस गुडघे दुमडून, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला, टायरची मापं सांगणारा कंपनीचा स्टिकर वाचत होता.

"साहेब, गेल्या वेळी तर तुम्ही..." दुकानदार म्हणाला.

"गेल्या वेळी गाडी गावातल्या गावात फिरत होती. आता रोजचा हायवे आहे."

हायवे म्हणजे तिच्या नव्या नोकरीचा रस्ता!

शेजारच्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत तिची निवड झाली होती. नेमकी त्याच सुमारास धाकट्या दिराला फिरतीची नोकरी लागली. घरात कौतुक त्याचं झालं. तिचा विषय निघाला की नवरा नुसतं "बघू" म्हणायचा. ‘हो’ही नाही, ‘नाही’ही नाही. शेवटी तिने त्या शहरात राहणाऱ्या थोरल्या बहिणीला गुपचूप सांगितलं, माझ्यापुरती एखादी खोली बघ. खोली मिळाली. आज संध्याकाळपर्यंत खोलीसाठी होकार कळवायचा होता. एकदा त्या खोलीत राहायला गेलो की आपण काही परत यायचो नाही, हे तिने बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

आणि आज सकाळी तो म्हणाला, "चल, गाडीचे टायर बदलून आणू."

गाडी मुळात तिच्या बाबांची. डोळे अधू झाल्यावर त्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली होती. कागदोपत्री ती नवऱ्याच्या नावावर होती. "सगळं एका नावावर असलं की सोपं पडतं," तो म्हणाला होता, आणि तिला ते पटलंही होतं.

"मागे खोकी भरली तर वजन पेलतील ना?" तो विचारत होता.

नमुन्यांच्या बाटल्यांची खोकी! तिला आतून हसू फुटलं. एवढा विचार केला यांनी?

"आणि शंभर-सव्वाशेने पळवली तर?"

"अहो, मी ऐंशीच्या वर जाते का कधी?" ती म्हणाली.

 तो टायरच्या खाचांवरून अंगठा फिरवत राहिला.

"मॅडमच चालवणार का?" दुकानदाराने जॅक सरकवत विचारलं.

"घरचंच माणूस आहे," नवरा म्हणाला. "जीव महत्त्वाचा."

जीव महत्त्वाचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे शब्द तिने त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

गाडी जॅकवर चढण्याआधी त्याने पुढचा कप्पा रिकामा केला. तिचा गॉगल, कंगवा, काच पुसायचा बाबांचा जुना रुमाल, सगळं पिशवीत भरून तिच्याकडे दिलं.

"राहू दे की तिथेच."

"परक्यांचे हात लागायला नकोत. आणि दुसरी किल्ली आहे ना पर्समध्ये? दे इकडे. दोन्ही एकत्र असलेल्या बऱ्या."

तिने दिली. मग बाहेर फुटपाथवर जाऊन बहिणीला फोन लावला.

"ताई, ती खोली नको गं. कळव त्या बाईंना."

"डोकं फिरलंय का तुझं? रांग लागलीये खोलीला. आज सोडलीस की गेली."

"मी रोज जाऊन-येऊन करीन. हे स्वतः टायर बदलून घेतायत. चांगले, कंपनीने सांगितलेलेच."

"टायर?" बहिणीचा आवाज चढला. "टायरवर भुललीस तू?"

"तुला नाही कळायचं ते."

"बाई गं, नीट विचार कर."

"केलाय. नाही म्हणून कळव."

ती आत आली तेव्हा गाडी खाली उतरली होती. नव्या रबराचा उग्र वास येत होता. तिने वाकून एका टायरवर हात ठेवला. कडेला रबराचे बारीक केस उभे होते; अजून रस्ता न पाहिलेले. तिचे डोळे भरून आले. इतकी वर्षं आपण या माणसाला उगाच नावं ठेवली, असंही मनात येऊन गेलं.

"सुरुवातीला जरा बेताने चालवा," दुकानदार हवा तपासत म्हणाला.

तेवढ्यात धाकटा दीर आला. काखेत त्याच्या कंपनीच्या मालाचं एक खोकं होतं. त्याने चारही चाकांभोवती फेरी मारली आणि शीळ घातली. नवऱ्याने दोन्ही किल्ल्या त्याच्या तळहातावर ठेवल्या.

दीर ड्रायव्हरच्या जागेवर बसला, लांब पाय मावेनात म्हणून त्याने सीट खटकन मागे सरकवली, आणि काच खाली करत म्हणाला, "मन मोठं हं वहिनी तुमचं. गाडी मला देऊन टाकायची कल्पना तुमचीच, दादा सांगत होता. बसा ना मागे, घरी सोडतो तुम्हाला."