नेहमीची चव

"आंटी, हिच्या नूडल्समध्ये अजिनोमोटो अजिबात नको हं," मृण्मयीने तिसऱ्यांदा बजावलं. गल्लीतल्या या चायनीजमध्ये ती लेकीएवढी असल्यापासून येत होती आणि तेव्हा तिची आई हेच बजावायची.

लेकीने पहिला घास तोंडातून थेट मृण्मयीच्या तळहातावर काढला. मृण्मयीने घाईने प्लेटमधलं चाखून पाहिलं. ताजं होतं, पण चव म्हणून नव्हती.

"आंटी, आपली नेहमीची चव कुठे गेली?"

गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या चिनी आंटी ओशाळल्या. "आज पहिल्यांदाच सांगितलं तसं केलं, बेटा. तुझ्या आईला तीस वर्षं नुसतं हो म्हटलं. आता या वयात खोटं बोलवत नाही गं."

तेवढ्यात आईचा फोन आला. "अजिनोमोटोचं सांगितलंस ना?"

"तीनदा सांगितलं, आई," असं म्हणत मृण्मयीने प्लेट आंटींकडे सरकवली आणि फोनवर हात ठेवून पुटपुटली, "नेहमीसारखं करून आणा."