विसरण्याची पाळी

टपाल कचेरीत पत्रं वेगळी करणाऱ्या बाबांना लेकीनं समाजशास्त्राच्या पुस्तकातून वाचून दाखवलं: माणूस एकेकटा मर्जीनं वागतो, पण सगळे मिळून एका चालीनं.

“काहीतरीच! वेंधळे लोक पत्ता न लिहिताच पत्रं टाकतात, ते काय ठरवून?”

“मोजलीत कधी?”

बाबांनी कचेरीतल्या जुन्या वह्या उघडल्या. गेल्या वर्षी बिनपत्त्याची पत्रं एकशे बारा. त्याआधी एकशे तेरा, त्याच्याही आधी पुन्हा एकशे बारा! त्यांनी आकडे पुन्हा तपासले. विसरण्याच्या पाळ्या कोण लावत होतं?

यंदा वर्ष संपता संपता आकडा एकशे अकरावर अडला. शेवटच्या दिवशी पेटीतून आणखी एक बिनपत्त्याचं पाकीट निघालं. पाठीमागे पाठवणाऱ्याचं नाव होतं, बाबांच्याच अक्षरात, बाबांचंच.