पीएच.डी.ची बोलणी

इंद्रकुमार सर चहा बशीत ओतून पीत होते आणि चेतनाच्या पीएच.डी.बद्दल तिच्या सासऱ्यांशी बोलत होते.

"घर की बात आहे, उदारामजी. माझ्याकडे एक जागा रिकामी आहे. सून एम.एस्सी. आहे, प्रवेशाची पेट परीक्षा पास आहे. महिन्यातून एकदा नागपूरला यायचं, सही करायची, संध्याकाळच्या गाडीनं परत गोंदिया. रात्रीच्या पोळ्यासुद्धा घरीच करेल."

"मंग तं झालंच," उदाराम म्हणाले.

चेतना पोह्यांचा ट्रे घेऊन दारापाशी उभी होती, पाहुणे पाहायला आल्यावर मुलगी उभी राहते तशी. तिची नजर मात्र टीपॉयवर होती. तिची सव्वा वर्षाची आचल टीपॉयचा काठ धरून सरांच्या गरम कपाकडे सरकत चालली होती. खोलीत तीन मोठी माणसं बसली होती, त्यातला एक आचलचा बाप, पीयूष. कोणालाच ते दिसत नव्हतं.

तिनं ट्रे ठेवला आणि कप मागं सरकवला.

सकाळी गुवाहाटीहून फोन आला होता. तिथल्या संस्थेनं पीएच.डी.साठी तिची निवड केली होती. होकार आजच कळवायचा होता. घरात हे अजून कोणाला माहीत नव्हतं.

"सर, विषय काय राहील?"

सरांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "जिल्ह्यातल्या तलावांचं पाणी. मस्त विषय आहे. मागच्या मुलीचे आकडे पडलेत माझ्याकडे, थोडं इकडंतिकडं करू."

"कोणता तलाव?"

"कोणताही घे ना. टेन्शन नको घेऊ."

तिच्या माहेरी तलावाला कोणी 'कोणताही' म्हणत नसे. बांधाच्या पाळीवर कोणाच्या आज्यानं माती टाकली, तेही लोक अजून सांगत.

"मला दोन घ्यायचेत, सर. दोन्हींचा गाळ एकाच उन्हाळ्यात उपसला. एकात कमळं परत आली, दुसऱ्यात नुसती बेशरमाची झुडपं माजली. असं का झालं, ते मला पाहायचंय."

शेवटचं वाक्य तिनं सरांकडे पाहून म्हटलं.

"ते कर ना मग जिंदगीभर," सर हसले. "पहिले डिग्री घे. लेकरू लहान आहे तुझं."

पीयूषही हसला. सर हसले म्हणून.

उदारामांनी आत हाक मारली. चेतनाच्या सासूबाई, सुशिलाबाई, पितळेचं ताट घेऊन आल्या. त्यात कुंकू, शाल, नारळ. सोयरीक पक्की करताना या घरात तेच ताट निघायचं. उदारामांनी सरांना टिळा लावला, शाल खांद्यावर टाकली आणि नारळ उचलला.

"मामाजी, थांबा," चेतना म्हणाली. "मी इथं नाही करणार. मला गुवाहाटीला मिळालंय."

नारळ उदारामांच्या हातातच राहिला.

"गुवाहाटी? तिकडं आसामात? कायले? नागपूर काय उठून गेलं का?"

"नागपूर आहेच, मामाजी. पण तिथल्या लोकांनी मुलाखतीत या दोन तलावांवर तासभर माझ्याशी वाद घातला. इथं कोणी एक प्रश्नही विचारला नाही."

सरांनी बशी खाली ठेवली.

"मला सांगायचं ना पहिले," पीयूष हळूच म्हणाला.

"सकाळी आले होते सांगायला. तुम्हीच म्हणाले, सर येऊन राहिले, पोह्याचं पाहा."

"अन् हे पोट्टी?" उदारामांनी विचारलं.

तेव्हा सगळ्यांनी आचलकडे पाहिलं. ती सरांच्या शालीचं टोक चोखत होती.

"सुरुवातीला होस्टेल आहे. तिथं लेकरू ठेवू देत नाहीत, मी विचारलं. सहा महिन्यांनी खोली घेईन आणि तिला नेईन."

उत्तर पाठ केलेलं होतं. म्हणताना तिला वाटलं, हे दुसरीच कोणी बाई बोलते आहे आणि तिला आता कोणीतरी अडवावं. कोणी अडवलं नाही.

उदारामांनी नारळ सरांच्या हातात कोंबला. "घ्या जी. टिळा लावला, आता खाली हातानं कसं पाठवू?"

"जागा राहणार नाही हं नंतर," म्हणत सर उठले. पीयूष त्यांना स्टेशनवर सोडायला निघाला. तिच्याकडे न पाहता त्यानं गाडीची किल्ली घेतली. उदाराम अंगणात जाऊन पाठमोरे उभे राहिले.

चेतनानं कपबशा गोळा केल्या. मग मोरीपाशी उभं राहून गुवाहाटीला फोन लावला. बोलणं लगेच संपलं. पलीकडच्या बाईंनी अभिनंदन केलं. तिनं आभार मानले. फोन ठेवल्यावरही ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, मागून कोणी येतं का ते ऐकत.

कोणी आलं नाही. आचलचाही आवाज नव्हता.

ती धावतच बैठकीत गेली. टीपॉयखाली पाहिलं, दारामागं पाहिलं. आचल सासूबाईंच्या खोलीत पलंगावर बसली होती. सुशिलाबाई तिची छोटी गादी आपल्या उशीशेजारी अंथरत होत्या. दुपटीही घडी करून आणलेली होती.

"आई, हे काय?"

"आजपासून हे माह्यापाशी निजल."

"पण मला जायला अजून वेळ आहे. आतापासून कशाला? तिला होईल हळूहळू सवय."

सुशिलाबाईंनी गादीवरची सुरकुती तळहातानं सारखी केली.

"तिले तं दोन दिवसांत होते," त्या म्हणाल्या. "मी तुह्यासाठी करून राहिली."