झऱ्यापुरती माणसं

"दाराले कडी नाही का तुमच्या?" झोपडीत पाऊल टाकताच सुगंधाबाईनं विचारलं.

"इथं कोणाच्याच दाराला नाही," तोताराम म्हणाला. फैजपूरहून बसनं अन् मग पायपीट करत बायको इथवर, सातपुड्याच्या पायथ्याशी आली, ती कशासाठी हे काय सांगायला हवं? त्याला घरी न्यायला! आता रडेल, ओरडेल, चारचौघांत अब्रू काढेल. आणि तिचं तरी काय चुकलं असतं? उभ्या केळीच्या बागा, म्हातारी आई आणि बायको टाकून हा गडी मोकळवस्तीत येऊन राहिला होता.

पण सुगंधाबाई रडली नाही. तिनं पदर खोचला आणि वस्ती बघत सुटली.

मोकळवस्ती म्हणजे झऱ्याभोवतीच्या मोजक्या झोपड्या. इथं देऊळ नव्हतं, झराच देव. पहाटे सगळे त्याच्यापाशी गुमान बसायचे, झाली पूजा. इथं पुढारी कोणी नव्हता, आणि हे धुरपदाअक्का इतक्या दरडावून सांगायच्या की उलट बोलायची कोणाची छाती नसे. निवडणुकीच्या जीपगाड्या आल्या की वस्तीवाले कार्यकर्त्यांना ताक पाजून वाटेला लावत. कोणी कोणाचा मालक नाही, नवरा नाही, बायको नाही. ज्याला जे करावंसं वाटेल ते त्यानं करावं, झऱ्याला मात्र ओरबाडू नये.

हे शेवटचं तोतारामला फार भिडलं होतं. केळीपायी त्यानं गावाकडे ट्यूबवेलवर ट्यूबवेल केल्या होत्या. दर वर्षी पाणी आणखी खाली. एक दिवस एका पंपातून नुसती हवा आली, तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली. तो निघून आला.

सुगंधाबाईला मात्र वेगळेच प्रश्न पडले होते.

"भाकरी कोण करते?"

"ज्याला भूक लागते तो. माझी मी करतो."

"तुमी?" तिनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "अन् भांडे?"

"ते पण मीच घासतो."

तिनं तोंडाला पदर लावला. हसते आहे की काय, त्याला कळेना.

"त्या कोपऱ्यातल्या झोपडीत कोण राहते हो?"

"कमलबाई. एकटीच असते."

"एकटी? अन् कोणी काही म्हणत नाही तिले?"

झालं! हिच्या डोक्यात संशयाचा किडा शिरला, तोतारामच्या मनात आलं. कमलबाईशी आपलं धड बोलणंही होत नाही, असं त्यानं घाईघाईनं सांगून टाकलं. सुगंधाबाईचं लक्षच नव्हतं. ती कमलबाईच्या अंगणाकडे टक लावून बघत होती. कमलबाई भर दुपारी खाटेवर पाय ताणून निवांत पडली होती.

संध्याकाळी तूर निवडताना सुगंधाबाईनं हळूच विषय काढला. "तुमी घरी आले तर इथल्या लोकाले राग येईन का?"

"राग कसला? माझ्या जागेवर टपलेत लोक!" तोतारामला फुशारकी आवरली नाही. "झऱ्याला पुरतील तितकीच माणसं ठेवायची, हा इथला नेम आहे. एक गेल्याशिवाय दुसरा घेत नाहीत. हिलाल आबा निघून गेले त्या सकाळी मी आधी त्यांच्या जागेवर बसलो, तेव्हा कुठं मला घेतलं. एकदा जागा सोडली की सोडली."

"असं," ती म्हणाली, आणि तुरीतला खडा वेचून फेकला.

मग ती घरचं बोलू लागली. ना आवाज चढला, ना डोळ्यांत पाणी.

"तुमची माय वाटेकडे डोळे लावून बसते. खोकला लई वाढला तिचा, पाठ चोळून द्यावं लागते. घड कापायले आले, अन् माणसं माझं ऐकत नाही. तुमीच सांगा, मी एकटी कुठी कुठी पुरू?"

तोतारामनं भांडणाची जय्यत तयारी ठेवली होती. निसर्ग, स्वातंत्र्य, आत्मा, सगळी उत्तरं घोकून तयार होती. पण आईचा वाकलेला देह डोळ्यांपुढे आला. आपण मोकळे वगैरे काही झालो नाही, सरळ पळून आलो, हे त्याला पहिल्यांदाच कबूल करावंसं वाटलं. आणि इतकं सोसूनही एका शब्दानं न टोचणारी ही बायको! तिच्याविषयी एवढी माया त्याला लग्नाच्या वेळीही वाटली नव्हती.

"सकाळी सभेत सांगून टाकतो," तो म्हणाला.

"तुमच्या मनात असंन तरच सांगा," सुगंधाबाई म्हणाली. "माझी बळजबरी नाही."

सकाळी सगळे झऱ्याभोवती गोल करून बसले. सुगंधाबाई पाहुणी म्हणून मागं, झाडाखाली बसली. तोताराम उभा राहिला. "मी जागा सोडतो. घरी आईला माझी गरज आहे. बायकोला पण."

"कोनी सांगं तुले?" धुरपदाअक्कांनी विचारलं. अक्का शिंदखेड्याकडच्या, सभेत त्यांना अहिराणीच सुचायची. वस्तीत येणाऱ्याला आणि वस्तीतून जाणाऱ्याला हा एकच प्रश्न असे. दुसऱ्याच्या सांगण्यावरून ना कोणाला घेत, ना कोणाला सोडत.

"कोणी नाही, अक्का. माझ्याच मनानं."

"मंग जाय भाऊ. आठे कोनी कोनले बांधी ठेवत नई."

कमलबाईनं डोळे टिपले. तोतारामनं झऱ्याचं पाणी कपाळाला लावलं. वाईट वाटत होतं, पण छातीवरचं ओझंही उतरलं होतं. तो बायकोकडे वळून हसला. "चल, बस चुकेल."

सुगंधाबाई उठली. चालत आली, आणि गोलात त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर मांडी घालून बसली.

धुरपदाअक्कांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "अनि तुले वं? तुले कोनी सांगं?"

"कोणीच नाही, अक्का. माझ्याच मनानं," सुगंधाबाई म्हणाली. मग नवऱ्याकडे मान वळवून तिनं मायेनं सांगितलं, "मायच्या खोकल्याचं औषध फडताळात ठेवलं आहे. जेवण झाल्यावर देत जा."