पाचच्या आत दोन ओळी

दोन ओळी हव्या होत्या, पाच वाजायच्या आत. पेपरच्या क्रीडा पानाच्या उपसंपादकाने फोनवर आधी म्हाताऱ्या यष्टिरक्षकाच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग घसा खाकरला. यष्टिरक्षकाच्या संघाचा जुना कप्तान इस्पितळात होता. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती, डॉक्टरांनी घरच्यांना कल्पना दिली होती. अजून तसं काही झालेलं नाही, पण मजकूर हाताशी असलेला बरा, असं तो चाचरत म्हणाला.

यष्टिरक्षकाला हे काम नवं नव्हतं. देशाकडून एकत्र खेळलेल्या त्या अकरा जणांतले सहा गेले होते आणि सहाही वेळा पेपरात त्याचेच शब्द आले होते. बाकीच्यांना ऐन वेळी सुचत नसे, नाहीतर रडू फुटे. हा शांतपणे बोले. तेज गोलंदाज गेला तेव्हा म्हणाला होता, सरावात बरगडीवर चेंडू मारायचा आणि संध्याकाळी स्वतः शेकायला यायचा. लोकांनी ते वाक्य कापून ठेवलं. तुमचं आता याच विषयावर पुस्तक निघेल, असं बायको म्हणायची.

पण कप्तानाशी त्याचं छत्तीस वर्षं बोलणं नव्हतं.

शेवटच्या कसोटीत यष्टिरक्षक सत्त्याण्णववर खेळत होता, समोर कप्तान होता. चेंडू जवळच गेला. कप्तानाने 'ये' म्हटलं आणि हा सुटला. अर्ध्या वाटेत पोचला तोच कप्तानाने हात वर करून त्याला परत पाठवलं. वळताना पाय घसरला. पालथा पडल्या जागेवरून त्याने यष्ट्या उडताना पाहिल्या. धावचीत. संध्याकाळी कप्तानाने पत्रकारांना सांगितलं की मी हाक दिलीच नव्हती, शतकाच्या घाईत तो आपणहून धावला. पुढच्या दौऱ्याच्या यादीत यष्टिरक्षकाचं नाव नव्हतं. नंतरही कधी आलं नाही. स्वार्थी हा शिक्का मात्र बसला तो बसलाच. कुणाकडे जेवायला गेलं तरी भात वाढता वाढता कुणीतरी विचारायचंच, एवढी काय घाई होती हो तुम्हाला?

सहाही जणांना पोचवायला दोघे गेले होते आणि सहाही वेळा गर्दीच्या दोन टोकांना उभे राहिले होते.

जेवण झाल्यावर तो कागद घेऊन बसला. वर्षानुवर्षं चेंडू झेलून बोटं वाकडी झाली होती, पेन धरायला वेळ लागायचा. 'शिस्तीचा कप्तान होता,' असं त्याने लिहिलं आणि खोडलं. मग 'फार मोठा खेळाडू होता,' असं लिहिलं. ते खरंच होतं. त्यामुळेच ते जास्त टोचलं.

बायकोने चहा ठेवता ठेवता कागदावर नजर टाकली.

"अहो, अजून आहे ना तो?"

"आहे."

"मग 'होता' काय लिहिताय?"

त्याने पेनाला टोपण लावलं. मग त्याने तिला टॅक्सी बोलवायला सांगितली. तिने फोन करून ती बोलावली. खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्याही बांधून दिल्या.

इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर कप्तानाची मुलगी खोलीबाहेर बाकावर बसली होती. लहानपणी ती याच्या खांद्यावर बसून मैदानभर फिरली होती. आता तिचेही केस पिकले होते. त्याला पाहून ती उभी राहिली. काका, दहाच मिनिटं, म्हणाली. बाबांना बोलताना दम लागतो.

आत कप्तान अर्धा उरला होता. हाताला नळी होती, मनगट सुजलं होतं. त्याने डोळे उघडून बराच वेळ पाहिलं.

"बारक्या," तो म्हणाला.

त्या नावाने हाक मारणारे आता फारसे उरले नव्हते. काय बोलायचं ते यष्टिरक्षकाने टॅक्सीत घोकलं होतं. त्यातलं काही आठवेना. जे तोंडात आलं ते त्याने बोलून टाकलं. पेपरवाले तुझ्यावर दोन ओळी मागतायत, म्हणाला, आणि माझ्याच्याने लिहवत नाहीयेत.

कप्तानाला वाईट वाटलेलं दिसलं नाही. त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. मग थांबत थांबत त्याने सांगितलं की याच उपसंपादकाचा त्यालाही फोन आला होता. पाच वर्षांपूर्वी, बारक्याची बायपास झाली आणि तीन दिवस तो शुद्धीवर येत नव्हता तेव्हा. पहिल्या दिवशी कप्तानाने फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी स्वतःच केला.

"काय सांगितलंस?"

"हाक माझीच होती, म्हणून सांगितलं. देऊन घाबरलो आणि तुला परत पाठवलं. मग कप्तानपद जाईल म्हणून खोटं बोललो." त्याने दम घेतला. "सगळं सांगितलं. त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं."

यष्टिरक्षकाने पलंगाची दांडी धरली आणि हळूच स्टुलावर बसला. गेली पाच वर्षं क्रीडा पानाची एक ओळ त्याने चुकवली नव्हती.

"मग माझ्या वाचनात कसं आलं नाही?"

कप्तानाने डोळे मिटले.

"तू वाचलास ना," तो म्हणाला.