मागच्या सीटची सोय

नवं राज्य झालं, संभाजीरावांचं ऑफिस भोपाळला हललं आणि त्यांनाही ग्वाल्हेर सोडणं भाग पडलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी गाडी पडाव भागातल्या मिस्त्रीकडे आणली. पुढच्या चाकांच्या ओढीनं चालणारी ती फ्रेंच गाडी वळणावर वळायच्या ऐवजी सरळच जायला बघायची. मिस्त्रीनं मागच्या चाकांमध्ये बसवायच्या दोन पोलादी दांड्या गोणपाटावर मांडल्या, एक बारीक, एक जाड; दोन्हींतली एकच बसणार होती.

"मोटी लगाओ हुजूर, तो गाड़ी मोड़ पर झुकेगी नहीं, बराबर मुड़ेगी. पर पीछे की सवारी को हर गड्ढा लगेगा."

संभाजीरावांच्या मनात जाड दांडीच भरली होती. त्यांनी मागच्या खिडकीच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्याआड शालिनीताई बसल्या होत्या. लग्न झाल्यापासून गाडीतली त्यांची जागा तीच. घराण्याची रीतच होती तशी. वळणं काय, आपण सांभाळून घेऊ, पण हिला धक्के नकोत.

"पतलीच लगा दो," ते म्हणाले.

पडदा बोटभर हलला. "अहो, जरा ऐकता का?"

मिस्त्रीनं अदबीनं पाठ फिरवली. संभाजीराव खिडकीशी वाकले. "बारीकच सांगितली मी. तुम्हाला त्रास नको."

"जाडच बसवून घ्या," शालिनीताई हळूच म्हणाल्या. "वाटेतली शिवपुरी मागे सुटली की आपल्याला कोण ओळखतं? मागे ट्रंका ठेवू. मी पुढे बसणार आहे."